मसाजने ‘लॅक्टिक ॲसिड’ निघत नाही

मुंबई मॅरेथॉन संपली की आझाद मैदानाच्या आसपास एक वाक्य हमखास कानावर पडतं: “पाय चोळून घे, लॅक्टिक ॲसिड निघून जाईल, उद्या दुखणार नाही.” गंमत म्हणजे मसाजवाल्याचा हात पायाला लागेपर्यंत ते बरंचसं आपोआप निघून गेलेलं असतं. धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. हृदय आणि स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या 2010 च्या प्रयोगात तर व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजने ते बाहेर पडणं मंदावलंच.

मग सोमवारी जिना उतरताना कठडा धरून आडवं का उतरावं लागतं? 42.195 किलोमीटरमध्ये, विशेषतः पेडर रोडचा चढ संपून उतार लागला की, मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते. ही दुखी 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते.

मसाज वाया जातो असं नाही. हलक्या हाताने केला तर दुखणं थोडं कमी वाटतं, झोपही छान लागते. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी कोपराने रगडून घेणं? मी तरी नाही घेणार.