पेज संपलं की रिप्लाय संपला?

एनएफएसच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइल वापरायची पद्धत) कोडमध्ये ‘बाउंड्रीवर फुटतंय’ असा बग आला, की हिंजवडी-बाणेरकडच्या कुठल्याही स्टोरेज टीममध्ये आधी सुचतं ते बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची जागा, वाढवणं. लक्षण तेवढ्यापुरतं जातं, बग जागेवरच राहतो. मुळात बाउंड्री दोन आहेत, मेमरीतल्या दोन पेजेसमधला सांधा आणि सर्व्हरच्या रिप्लायचा शेवट, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर नुकसानच होतं.

समजा, सर्व्हरवर वारीचे फोटो आहेत आणि त्यात ‘आळंदी’ नावाची डिरेक्टरी आहे. अक्षरं बाइटांत साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. आ, ळ, अनुस्वार, द आणि वेलांटी मिळून 15 बाइट. एनएफएसचे मेसेज ज्या साच्यात जातात, त्या एक्सडीआरला सगळं 4 च्या पटीत लागतं, म्हणून आधी 4 बाइटांत लांबी, मग 15 बाइट नाव आणि भरतीला 1 शून्य. लिनक्सचा क्लायंट डिरेक्टरीची ही यादी पेजेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांत घेतो. नेहमीच्या इंटेल मशीनवर एक पेज 4096 बाइटांचं. आता नाव 4092 व्या बाइटपासून सुरू झालं, तर या पेजवर ‘आ’ पूर्ण बसतो आणि ‘ळ’चा पहिला बाइट. उरलेले 11 बाइट पुढच्या पेजवर, आणि ते पेज मेमरीत शेजारीच असेल याची काहीच खात्री नाही.

हा सांधा. डेटा सगळा आलाय, फक्त दोन तुकड्यांत आहे. तुकडे वेगळ्या, तात्पुरत्या स्क्रॅच बफरमध्ये जोडून घ्यायचे, बस. इथे एरर दिली तर धडधाकट डिरेक्टरी यादीतून गायब होते. मेमरीत कुठून वाचायचं ते दाखवणारा पॉइंटर तसाच पुढे रेटला तर नावाच्या शेपटीला भलत्याच मेमरीतले बाइट चिकटतात.

शेवट म्हणजे वेगळं प्रकरण. लांबी 15 सांगते आणि रिप्लायमध्ये 8 च बाइट उरलेत. इथे जोडायला काही नाहीच. एरर देऊन थांबायचं. सर्व्हर बिघडलेला असेल किंवा मुद्दाम खोटं सांगत असेल, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. लांबी 4,29,49,67,295 आली आणि 32 बिटांत तिला 4 च्या पटीत वर नेलं, तर उत्तर शून्य येतं आणि तपासणी बिनबोभाट पास होते! म्हणून लांबी आधी मर्यादेशी ताडायची, पटीत नंतर न्यायची.

क्रमही महत्त्वाचा. रिप्लायमध्ये एकूण तेवढे बाइट उरलेत का, हे आधी. या पेजवर सलग आहेत का, हे त्यानंतर.

केसॅनच्या, म्हणजे कर्नलमधले मेमरीचे चुकीचे वापर पकडणाऱ्या टूलच्या, भरवशावर राहू नये. शेजारचं पेज दुसऱ्या कुणाला दिलेलं असेल, तर त्यातलं वाचन केसॅनला चुकीचं वाटत नाही. त्यापेक्षा टेस्टमध्ये नावांची लांबी एकेक बाइटने वाढवत न्या, म्हणजे सांधा नावाच्या प्रत्येक 4 बाइटांवर एकदा तरी येतो. नावं देवनागरीतलीही घ्या. अर्धवट तुटलेला ‘ळ’ स्क्रीनवर लगेच डोळ्यांत भरतो.