कुकच्या ग्रंथाबाहेरचा प्रदेश : नागपूरच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राची पार्श्वभूमी

पावसाळा उतरणीला लागला की नागपूरच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, रामटेक अशा ठिकाणी ‘टूर’ला निघतात. हातात खुरपे, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक वही असते. आणलेली रोपटी कागदांत दाबून, ओले कागद रोज बदलून आठ-दहा दिवस वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि उजव्या कोपऱ्यात नाव, कुळ, ठिकाण, तारीख लिहायची, म्हणजे हर्बेरियम शीट तयार होते. परीक्षेत तिला मोजके गुण असल्याने अनेकांना हा केवळ सोपस्कार वाटतो. परंतु नागपुरात या कामाला जे महत्त्व आले, त्यामागे या प्रदेशाचा राजकीय इतिहास आहे.

महाराष्ट्रातील वनस्पती ओळखायला शिकणारा विद्यार्थी आजही थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीकडे वळतो. १९०१ ते १९०८ या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ कोकण, सह्याद्री, दख्खन, खानदेश यांच्यासाठी पायाभूत आहे. नागपूर मात्र त्यात नाही. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांताची ही राजधानी होती आणि कुक यांचे काम इलाख्याच्या सीमेपाशी थांबले होते. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तो आला तेव्हा त्याच्या झाडाझुडपांची कुकच्या तोडीची सूची मात्र त्याच्यासोबत नव्हती.

ब्रिटिश काळात येथे जी यादीकामे झाली, ती त्या त्या खात्याच्या गरजेपुरती होती. वनाधिकारी एच. एच. हेन्स यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या दक्षिण वनवर्तुळाची सूची प्रसिद्ध केली. तिच्या नावातच वृक्ष, झुडपे आणि ‘आर्थिक उपयोगाच्या’ वनौषधी एवढीच व्याप्ती सांगितलेली आहे. कृषी खात्याच्या बाजूने ग्रॅहम यांनी नागपूर व तेलनखेडी येथील शेतांवर उगवणाऱ्या रानवनस्पतींची यादी केली, कारण तण ओळखणे शेतीला आवश्यक होते. लाकूड देणारे झाड आणि पिकाला नडणारे तण अशा प्रकारे नोंदले गेले. ओढ्याकाठची, खडकावरची, तळ्यातली, कोणाच्याच कामाची नसलेली वनस्पती बहुतांशी वाटच पाहत राहिली. ती नोंदवण्याचे काम पुढे महाविद्यालयांतील विभागांकडे आले, आणि माझ्या मते नागपूरच्या वनस्पतिशास्त्राचा खरा वारसा हाच आहे.

अध्यापनाची संस्थात्मक सुरुवात तशी जुनी. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ सालचे, मॉरिस महाविद्यालय १८८५ सालचे. विसाव्या शतकाच्या आरंभी कृषी महाविद्यालय आणि शासकीय विज्ञान महाविद्यालय, म्हणजे आजची विज्ञान संस्था, यांची भर पडली. ही महाविद्यालये आधी अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर अभ्यासक्रम ठरवणे येथील प्राध्यापकांच्या हाती आले.

ज्यांच्या नावाने हिस्लॉप महाविद्यालय उभे राहिले, ते स्टीफन हिस्लॉप स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. ते स्कॉटिश मिशनरी होते आणि त्यांना भूगर्भशास्त्राची ओढ होती. तरीही नागपूरच्या वनस्पती-संशोधनाची एक मोठी शाखा त्यांच्यापाशी सुरू होते. त्या काळी गावाबाहेर असलेल्या टाकळी येथे, लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात, त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांसोबत अश्मीभूत फळे, बिया आणि पाने मिळाली. १८५०च्या दशकात त्यांनी हे लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकातून मांडले. १८६३ साली हिस्लॉप बुडून मरण पावले.

या धाग्याला खरी बळकटी आली ती छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलान येथे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थांबत थांबत वाहत होता. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, त्यांच्या काठी झाडे वाढत, आणि त्यांचे अवशेष सिलिकायुक्त पाण्यात भिजून चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या कठीण खडकामध्ये पेशींसकट टिकून राहत. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी येथील एका फळाचे ‘एनिग्मोकार्पॉन पारिजाइ’ असे नामकरण केले. पुढे नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी १९४४ साली त्याच ठिकाणच्या एका अश्मीभूत फुलाचे वर्णन केले आणि साहनींच्या सन्मानार्थ त्याला ‘साहनिअँथस’ हे नाव दिले. हे फूल आणि ते फळ एकाच वनस्पतीचे असल्याचे नंतर मानले गेले. तिचे नाते मेंदी आणि धायटी ज्या कुळात येतात त्या कुळाशी जोडले जाते.

श्या चितळे यांनी नागपुरात अध्यापन करताना मोहगावच्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षे काम केले. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गइतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राच्या, म्हणजे अश्मीभूत वनस्पतींच्या शास्त्राच्या, पहिल्या अभिरक्षक (क्युरेटर) झाल्या. १९७३ साली वर्णन झालेले ‘चितळेपुष्पम मोहगावेन्स’ हे अश्मीभूत फूल त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९५६ साली छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर त्यातून बाहेर पडले, तरी येथील विद्यार्थी व संशोधक मोहगावला जात राहिले.

या कामाची पद्धत एकदा जवळून पाहावी अशी आहे. चर्टचा तुकडा कापून त्याचा पृष्ठभाग कार्बोरंडम या अतिशय कठीण पदार्थाच्या भुकटीने हाताने घासत गुळगुळीत करतात. मग तो हायड्रोफ्लोरिक आम्लात क्षणभर बुडवतात. हे आम्ल काचही खाते, म्हणून भांडे प्लॅस्टिकचे किंवा मेण लावलेले लागते. आम्लाने दगडाचा अतिशय पातळ थर विरघळतो आणि पेशींच्या भिंती किंचित वर उरतात. त्यावर सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा बसवून सोलला की त्या भिंती पापुद्र्यासोबत निघून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली तेव्हा एखाद्या फळाच्या कप्प्यातील बिया जशा होत्या तशा दिसतात. एका फळाचे असे डझनावारी पापुद्रे क्रमाने काढून त्याचे पूर्ण रूप जुळवायचे, म्हणजे महिनोन्‌महिने चालणारे काम. सुट्टीतही प्रयोगशाळेत थांबून ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

जिवंत वनस्पतींच्या नोंदीचे काम मात्र संथ चालले. एन. आर. उगेमुगे यांची नागपूर जिल्ह्याची वनस्पतिसूची १९८६ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे कुकच्या शेवटच्या खंडानंतर ७८ वर्षांनी. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने संपूर्ण राज्याची सूची १९९६ ते २००१ या काळात आणली आणि तिच्यात विदर्भ पश्चिम महाराष्ट्राच्या बरोबरीने आला. अशा सूचीचा आधार शेवटी दाबून वाळवलेले नमुनेच असतात.

संवर्धनाचे काम या नोंदींतूनच वाढले, कारण कोणते झाड कोठे होते हे माहीत असल्याशिवाय ते कमी झाले असे म्हणता येत नाही. विदर्भाच्या पानझडी जंगलातील काही महत्त्वाच्या वृक्षांची अडचण बियाण्यापासूनच सुरू होते. धावड्याला फळे उदंड लागतात, पण त्यांतील बहुतेक पोकळ निघतात. सालईचे बी इतके कमी रुजते की ती फांद्या लावूनच वाढवावी लागते. बिजाचे बी कठीण, पंखधारी शेंगेत बंद असते, आणि मधुमेहावर गुणकारी मानून त्याच्या लाकडाचे पेले विकले जातात, त्यामुळे उभ्या झाडावर कुऱ्हाड पडते. सफेद मुसळीचे तर मूळच खणून नेले जाते. रुजवण चाचण्या, ऊतीसंवर्धन (टिश्यू कल्चर) आणि रोपवाटिका हे विषय विभागांच्या संशोधनात आले ते अशा प्रश्नांमुळे.

२००२ सालच्या जैवविविधता कायद्याने या कामाला नवे प्रयोजन दिले. प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे आणि २०१२ साली स्थापन झालेल्या राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. गावकरी झाडाचे नाव, वापर, हंगाम सांगू शकतात. पण त्या स्थानिक नावाची शास्त्रीय नावाशी खात्रीने गाठ घालायला वर्गीकरण जाणणारा माणूस लागतो. असे शिक्षक निवृत्त होत आहेत आणि वर्गीकरणशास्त्राचे तास अभ्यासक्रमात आकसत आले आहेत, ही मला या विषयातील सर्वांत काळजीची बाब वाटते.

जुन्या संग्रहांची स्थितीही सारखी नाही. एका महाविद्यालयात गळक्या छताखाली ठेवलेल्या कपाटातील शीट्सना बुरशी आणि वाळवी लागलेली मी पाहिली आहे. त्यातून वाचलेल्या गठ्ठ्यात कळलावीची एक शीट होती. फुलाचा लाल-पिवळा रंग उडून तपकिरी झाला होता, पण पानांच्या टोकांचे ताणे शाबूत होते आणि कोपऱ्यात शाईने नाल्याकाठच्या पडीत जमिनीचा पत्ता लिहिलेला होता. त्या ठिकाणी आता घरांच्या प्लॉटांचे ले-आउट पडले आहे. तेथे कळलावी उगवत होती, याची माझ्या पाहण्यातली दुसरी नोंद नाही.