चिंगदाओ : भाडेपट्ट्याने गेलेले बंदर

चीनच्या शानडोंग प्रांतातल्या चिंगदाओ या बंदराला सर्रास 'जर्मन वसाहत' म्हटले जाते, पण कागदोपत्री ती वसाहत नव्हती. नोव्हेंबर १८९७मध्ये याच प्रांतात दोन जर्मन मिशनऱ्यांची हत्या झाली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत जर्मन खलाशी चिंगदाओच्या उपसागरात उतरले होते. ६ मार्च १८९८च्या कराराने सुमारे साडेपाचशे चौरस किलोमीटर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेली. जर्मन वसाहतींसारखा इथला कारभार वसाहत खात्याकडे नव्हता, नौदलाकडे होता. गव्हर्नरही नौदलाचाच अधिकारी असे. गोदी, तटबंदी, चिनान या प्रांताच्या राजधानीपर्यंतची रेल्वे हे सारे त्याच धोरणातून उभे राहिले.

पुढच्या पंचवीस वर्षांचा घोळ मात्र 'भाडेपट्टा' या शब्दातच आहे. करारात एक साधे कलम होते : जर्मनीने ही जमीन दुसऱ्या कुठल्याही सत्तेला पोटभाड्याने द्यायची नाही. म्हणजे मालकी चीनची, जर्मनी फक्त कूळ. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, ऑगस्ट १९१४मध्ये जपानने जर्मनीला निर्वाणीचा खलिता दिला, तेव्हा हा प्रदेश पुढेमागे चीनला परत करण्यासाठीच मागत असल्याचे लिहिले होते. वेढ्यात जपान्यांसोबत ब्रिटिश तुकडी होती आणि तिच्यात शीख शिपाईही होते. ७ नोव्हेंबरला बंदर पडले. 'परत' हा शब्द मात्र लांबतच गेला.

१९१७मध्ये चीनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्यामुळे भाडेपट्टा आपोआप संपला, ही चीनची बाजू. जपानने पुढे केले ते १९१५मध्ये चीनला धमकी देऊन करून घेतलेले करार आणि सप्टेंबर १९१८चा पत्रव्यवहार. शानडोंगबद्दलच्या जपानी प्रस्तावाला आपण 'आनंदाने संमती' देतो, असे त्यात चिनी प्रतिनिधीने लिहून दिले होते. एका दुबळ्या, कर्जासाठी अडलेल्या सरकारच्या या दोन शब्दांवर एवढे मोठे ओझे टाकणे न्याय्य नव्हते, असे मला ठामपणे वाटते. तरीही महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात, कलम १५६ ते १५८नुसार, जर्मनीचे हक्क जपानकडे गेले. पोटभाडे निषिद्ध असलेल्या जमिनीचा कूळच बदलला, तोही मालकाला डावलून! या निर्णयाविरुद्ध ४ मे १९१९ला बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. २८ जूनला चीनने तहावर सही केली नाही.

अखेर वॉशिंग्टन परिषदेतल्या करारानंतर १० डिसेंबर १९२२ला शहर परत मिळाले. रेल्वेसाठी मात्र चीनला पैसे मोजावे लागले.

१९३८मध्ये जपानी पुन्हा आले. १९४५ ते १९४९ इथे अमेरिकी आरमाराचा तळ होता आणि २ जून १९४९ला कम्युनिस्ट फौजा शहरात शिरल्या. १९६०पासून चीनच्या उत्तरेकडच्या नौदल ताफ्याचे हे मुख्य ठाणे आहे. देशाची पहिली विमानवाहू नौकाही २०१३मध्ये इथल्याच तळावर आली. एप्रिल २००९मध्ये चिनी नौदलाच्या साठीनिमित्त चिंगदाओसमोरच्या समुद्रात ताफ्याचे संचलन झाले. त्यासाठी परदेशी युद्धनौकांना निमंत्रण होते आणि माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस मुंबई' त्यांत होती.