अंमली पदार्थांच्या खटल्यांतील निर्दोष सुटकेविरुद्धचे अपील : पार्श्वभूमी

निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार भारतात सरकारला १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दिला. १८६१ च्या संहितेत तो नव्हता. या अधिकाराच्या मर्यादांचा प्रश्न १९३४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयापुढे) आला, तेव्हा लॉर्ड रसेल ऑफ किलोवेन यांनी असा निर्वाळा दिला की उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकते, मात्र साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचे मत आणि संशयाचा फायदा मिळण्याचा आरोपीचा हक्क यांना त्याने योग्य ते वजन दिलेच पाहिजे. १९७३ च्या संहितेतील कलम ३७८ ने राज्यालाही उच्च न्यायालयाची परवानगी घेण्याचे बंधन घातले. ते कलम आता, जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१९ या क्रमांकाने आले आहे.

या चौकटीत १४ नोव्हेंबर १९८५ रोजी एनडीपीएस कायदा, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायदा, लागू झाला. त्याच्या कलम ३५ आणि ५४ नुसार माल ताब्यात असल्याचे सिद्ध झाले की पुढे निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो, आणि व्यापारी प्रमाणातील मालासाठी (२० किलोहून अधिक गांजा किंवा २५० ग्रॅमहून अधिक हेरॉइन) किमान १० वर्षांची शिक्षा आहे. शिक्षा इतकी कडक असल्यामुळे झडतीचे नियमही तितक्याच काटेकोरपणे पाळले गेले पाहिजेत, ही न्यायालयांची भूमिका मला रास्त वाटते.

राज्यांच्या अपिलांत वाद बहुधा माल सापडला का यापेक्षा तो कसा सापडला यावरच रंगतो. याच कायद्याच्या कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी संशयिताला सांगावे लागते की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जावी, हा त्याचा हक्क आहे. पंजाबमधील सुटकांविरुद्ध राज्याने केलेल्या अपिलांवर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कर्तव्य बंधनकारक ठरवले. १९९९ मध्ये घटनापीठाने (त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने) केवळ अशा सदोष अंगझडतीवर उभी असलेली शिक्षा टिकणार नाही, असे म्हटले. २००५ मध्ये पिशवी किंवा सुटकेस म्हणजे ‘अंग’ नव्हे, हे स्पष्ट झाले. पंचनाम्यात ‘तुमची झडती कोणासमोर घ्यावी?’ एवढाच प्रश्न नोंदवलेला असेल तर तो पुरेसा नाही, आरोपीला त्याचा हक्क सांगितलाच पाहिजे, हे २०१० मध्ये दुसऱ्या घटनापीठाने ठरवले. मुद्देमालाचे सील, नमुने आणि मालखान्याची नोंद यांतील त्रुटी तर सत्र न्यायालयापासून अपिलापर्यंत खटल्याची पाठ सोडत नाहीत.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फिर्यादी आणि तपासी अधिकारी एकच असल्याच्या कारणावरून आरोपी सुटला आणि तोच आधार इतर खटल्यांतही घेतला जाऊ लागला. ऑगस्ट २०२० मध्ये घटनापीठाने तो निकाल रद्दबातल ठरवला. आता तेवढ्यावर सुटका होत नाही, पक्षपात प्रत्येक प्रकरणात दाखवावा लागतो.