रपट्यावरची आरोळी

जानेवारीतली सकाळ. तालुक्याच्या गावची १० किलोमीटरची दौड होती. आपल्याकडे कुठल्याही दौडीला मॅरेथॉन म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, पण ते असो. सातव्या किलोमीटरला, नाल्यावरच्या रपट्यावर मी उभा होतो. कापूस वेचायला निघालेल्या चार-पाच बायाही तिथंच थबकल्या होत्या. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा धापा टाकत आला, तशी त्यातली मावशी कडाडली, “पय रे बाबू, पय! आता आलंच!”

पोरानं मान वर केली आणि त्याची पावलं पटापट पडू लागली. हाकेतून काही ग्लुकोज मिळत नाही. मग पायांत बळ आलं कुठून?

१८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या, तेव्हा एकट्यानं घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत असलेला स्वार वेगवान दिसला. पण गंमत केली ती रॉबर्ट झायन्स यांनी, १९६९ साली, झुरळांवर. झुरळ उजेडापासून पळतं. त्याला पळायला सरळ गल्ली दिली आणि बाजूला पारदर्शक डब्यांत ‘प्रेक्षक’ झुरळं बसवली. गडी एकटा असताना पळायचा त्यापेक्षा जोरात पळाला! गल्लीला वळण देऊन वाट शोधायला लावली, तेव्हा मात्र तेच प्रेक्षक नडले, वेळ जास्त लागला. बघणारे असले की जीव चेतवला जातो, असा झायन्स यांचा अर्थ होता. अंगवळणी पडलेलं काम त्यानं सुधारतं, न जमलेलं आणखी बिघडतं. पळणं म्हणजे सरळ गल्ली. गोळाफेक नुकतीच शिकणाऱ्या पोराभोवती मात्र गलका न केलेला बरा.

दमण्याचा हिशेबही फक्त पायांत होत नाही. किती कष्ट पडताहेत, याचा अंदाज मेंदू सतत घेत असतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तो मोजायला ६ ते २० अशी पट्टी केली; किती कष्ट वाटताहेत ते पळणाऱ्यानंच आकड्यात सांगायचं. आकड्याला दहानं गुणलं की साधारण हृदयाचे मिनिटाचे ठोके येतात. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली सायकलस्वारांना पडद्यावर हसरे चेहरे दाखवले, तेही इतके क्षणभर की पाहिल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. तसेच दुःखी चेहरे दाखवले तेव्हापेक्षा ते सुमारे १२ टक्के जास्त वेळ टिकले. स्नायू तेच, फक्त कष्ट कमी वाटले.

आता आवाजाचं गणित. ताशी १२ किलोमीटरनं पळणारा सेकंदाला सव्वातीन मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापतो. तुमची हाक त्याला अलीकडे ३० आणि पलीकडे ३० मीटर नीट ऐकू येत असेल, तर तुमच्या हाती जेमतेम १८ सेकंद आहेत. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. पण हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून खाली येतो. पलीकडच्या गावातल्या देवळाचा भोंगा पहाटे उशाशी वाजल्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी काही सेकंदांत पट पार करते, म्हणून जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं आणि लोकांनी पहिल्यापासून बोंब ठोकली तरी चालतं. दहा किलोमीटरला ते महागात पडतं. सुरुवातीलाच टाळ्या-शिट्ट्यांनी चढलेली पोरं सुसाट सुटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला त्यांचा भाता फुलतो. मेंदू शक्ती वाटतो ती उरलेलं अंतर धरून; महिन्याचा पगार पुरवावा तशी. त्याला अंतर खोटं सांगितलं की तो शिल्लक उधळून बसतो.

मावशीच्या ‘आता आलंच’चं तेच झालं. अजून तीन किलोमीटर बाकी होते. बाभळीच्या वळणापर्यंत पोरगा सुसाट गेला आणि तिथं कमरेवर हात ठेवून चालू लागला.

मी मावशीला म्हटलं, “मावशी, खरं अंतर सांगा न त्याईले.”

“हव,” ती म्हणाली. पुढचा पोरगा रपट्यावर आला, तशी ती ओरडली, “पय बाबू! तीन किलोमीटर राह्यले अजून!”

तो जागेवरच थांबला. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, ओटीची गाठ आवळली आणि शेताच्या वाटेला लागली.