दावा कोणत्या गावी चालणार? घटस्फोटाची प्रकरणे वर्ग करण्यामागची पार्श्वभूमी

घटस्फोटाचा दावा आपल्याला सोयीच्या न्यायालयात वर्ग करून मिळावा, असे अर्ज सर्वोच्च न्यायालयात इतके साचले होते की नोव्हेंबर 2022 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी वैवाहिक वादांतील अशी सुमारे 3,000 प्रकरणे प्रलंबित असल्याचे सांगितले आणि प्रत्येक खंडपीठ रोज त्यांपैकी 10 हाती घेईल, असे जाहीर केले. एखादा दावा कोणत्या गावी चालावा, एवढ्याच प्रश्नासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचा इतका वेळ जावा, हे विचित्र वाटते खरे. पण दावा कुठे दाखल करता येतो आणि तो हलवण्याचा अधिकार कोणाला आहे, या दोन गोष्टी ठरवणाऱ्या तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या की त्याचे कारण कळते.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 मधील कलम 19 च्या मूळ शब्दांनुसार विवाह जिथे झाला, पती-पत्नी जिथे राहतात किंवा शेवटी जिथे एकत्र राहिले, तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करता येत असे. शेवटी एकत्र राहिल्याचे ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा सासर, आणि संसार मोडल्यावर पत्नी तिथे क्वचितच राहते. ही अडचण कायद्याने मान्य करायला जवळजवळ अर्धे शतक लागले. 2003 च्या दुरुस्तीने अर्जदार पत्नीला ती स्वतः राहत असलेल्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि विशेष विवाह अधिनियमातही तशीच सुधारणा झाली. मात्र ही मुभा अर्जदार पत्नीपुरतीच होती. पतीने आधी दावा ठोकला, तर जाबदार झालेल्या पत्नीला तिचा काहीच उपयोग नाही. त्यात 1976 मध्ये आलेले कलम 21-अ असे सांगते की, घटस्फोटाचे किंवा न्यायिक विभक्ततेचे (म्हणजे विवाह न मोडता न्यायालयाच्या आदेशाने वेगळे राहण्याचे) परस्परविरोधी अर्ज दोन वेगळ्या जिल्हा न्यायालयांत आले, तर नंतरचा अर्ज आधीच्या अर्जाच्या न्यायालयात वर्ग व्हावा. थोडक्यात, जो आधी न्यायालयाची पायरी चढेल त्याचे गाव, असा हा हिशेब झाला, आणि वर्ग करून मागण्याच्या अर्जांचे पीक याच हिशेबातून आले आहे.

दावा हलवण्याच्या अधिकाराची कथा याहून जुनी आहे. ख्रिस्ती विवाहांसाठीच्या 1869 च्या घटस्फोट कायद्यातच एका जिल्हा न्यायाधीशाकडचा दावा दुसऱ्याकडे वर्ग करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला होता. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 24 ने उच्च व जिल्हा न्यायालयांना आपापल्या अधिकारक्षेत्रात तोच अधिकार सर्वसाधारणपणे दिला. कलम 25 मात्र तेव्हा अगदी वेगळे होते: उच्च न्यायालयात एकच न्यायाधीश असेल आणि त्याच्यापुढे दावा चालण्यास पक्षकाराची वाजवी हरकत असेल, तर दावा दुसऱ्या उच्च न्यायालयाकडे पाठवण्याचा निर्णय सरकार घेत असे. 1976 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 फेब्रुवारी 1977 पासून, हे कलम पूर्ण बदलले आणि एका राज्यातील दिवाणी दावा दुसऱ्या राज्यात पाठवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे आला.

त्याची पहिली मोठी कसोटी 1981 मध्ये लागली. पतीचा घटस्फोटाचा अर्ज राजस्थानात उदयपूरला, तर पत्नीचा पोटगीचा दावा आंध्रात एलुरूला होता. विवाहविषयक अर्जांसाठी हिंदू विवाह अधिनियमाचे कलम 21-अ असल्यामुळे संहितेचे कलम 25 लागूच होत नाही, हा पतीचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. पुढे 2008 मध्ये उज्जैनमधील दावा नाशिक जिल्ह्यातील मालेगावी पाठवण्याचा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि राज्याची हद्द ओलांडायची असेल तर अधिकार आपलाच आहे, हे स्पष्ट केले. निकाल कायद्याला धरून होता, पण ज्या स्त्रीला उज्जैनला जाणे परवडत नाही तिने अर्ज करायचा तो दिल्लीत, ही विसंगती त्याने पक्की झाली.

कोणाची सोय पाहायची, हे कलम 25 सांगत नाही; त्यात न्यायाच्या हिताचा तेवढा उल्लेख आहे. पतीने केलेल्या दाव्यात पत्नीची सोय पाहिली पाहिजे, हे सूत्र निकालांमधून घडले. 2001 मध्ये बिहारमधील आरा येथील दावा दिल्लीला वर्ग करताना सुमारे 1,100 किलोमीटरचे अंतर महत्त्वाचे ठरले. पाचच वर्षांत सूर बदलला. 2006 मध्ये, या सवलतीचा गैरफायदा घेतला जात आहे, असे निरीक्षण नोंदवून न्यायालयाने अर्ज नाकारला आणि पत्नीचा व सोबत येणाऱ्या व्यक्तीचा प्रवासखर्च पतीने द्यावा, असा मार्ग काढला. माझ्या मते हा उपाय कागदावर जितका चोख आहे तितका व्यवहारात नाही. कडेवर लहान मूल असलेल्या स्त्रीचा प्रश्न तिकिटाने सुटत नाही.

मार्च 2017 मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने प्रकरणे वर्ग करण्याऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा पर्याय सुचवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो बदलला. दीपक मिश्रा आणि अजय खानविलकर यांच्या मते, कौटुंबिक न्यायालयातील बंद दाराआडची सुनावणी आणि समेटाचा प्रयत्न पडद्यावरून साधत नाही. समेट फसल्यावर दोघांची संमती असेल तरच हा मार्ग वापरता येईल. चंद्रचूड यांनी विरोधी मत नोंदवले. तीनच वर्षांत महासाथीने सारी न्यायालये पडद्यावर आणली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

वेल्लोरहून चेन्नईला दावा वर्ग करण्याच्या जुलै 2022 मधील प्रकरणात दोन्ही पक्षांची आर्थिक स्थिती, सामाजिक स्तर आणि ते कोणाच्या आधाराने जगतात, हे पाहून साधारणपणे पत्नीची सोय पाहावी, असे ठरले. ‘साधारणपणे’ हा शब्द सुटता कामा नये, कारण पतीचे आजारपण किंवा अपंगत्व यांमुळे पारडे फिरू शकते. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यांच्या हद्दीची अडचणही थोडी सैल झाली. अनेक राज्यांना एकच उच्च न्यायालय असेल, जसे गुवाहाटीला आहे, तर ते आपल्या अखत्यारीतील एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वर्ग करू शकते, असा निर्णय झाला. उज्जैन आणि मालेगाव वेगवेगळ्या उच्च न्यायालयांखाली येतात, त्यामुळे तिथल्या पक्षकारांना दिल्ली चुकलेली नाही.