कॅलस, मारिया

(२ डिसेंबर १९२३ – १६ सप्टेंबर १९७७). ग्रीक-अमेरिकन ऑपेरा (गायनातून सादर होणारे पाश्चात्त्य संगीतनाट्य) गायिका, सोप्रानो (स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीत गाणारी). जन्म न्यूयॉर्क येथे, ग्रीसहून तेथे गेलेल्या कुटुंबात. १९३७ साली आई मारियाला आणि तिच्या थोरल्या बहिणीला घेऊन अथेन्सला परतली. मारियाचे गाण्याचे शिक्षण मुख्यतः याच शहरात झाले. तेथील संगीत विद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून आईने तिचे वय वाढवून सांगितले होते. मारिया त्रिव्हेल्ला ही तिची तेथील पहिली शिक्षिका. १९३९ मध्ये विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ या ऑपेरात सान्तुझ्झाची भूमिका करून ती प्रथम रंगमंचावर आली.

तिचा गळा खऱ्या अर्थाने घडवला तो एल्व्हिरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेने. स्वतः नावाजलेली सोप्रानो असलेली इदाल्गो त्या वेळी अथेन्स कन्झर्व्हेटरीत शिकवीत असे. मारियाचा आवाज जात्याच मोठा, गडद आणि काहीसा ओबडधोबड होता. अशा आवाजाला केवळ भारदस्त भूमिका शिकवून मोकळे होणे सोपे होते. इदाल्गोने मात्र तिला ‘बेल कान्तो’ या जुन्या इटालियन पद्धतीच्या शिस्तीत घातले. एकच स्वर अगदी बारीक आवाजात लावून तो हळूहळू फुलवायचा आणि पुन्हा तितकाच बारीक करायचा, द्रुत स्वरमालिकांतील प्रत्येक स्वर सुटा व स्वच्छ काढायचा, दोन लगतच्या स्वरांमधील जलद आंदोलन अचूक साधायचे आणि हे सगळे दमसास न तुटता करायचे, अशी ती मेहनत होती. आपला पाठ संपला तरी मारिया घरी जात नसे. सकाळी दहाला आलेली ही मुलगी इतर विद्यार्थ्यांची शिकवणी ऐकत संध्याकाळपर्यंत वर्गात बसून राही. दुसऱ्यांच्या चुका आणि त्यांवरची दुरुस्ती ऐकून कान तयार होतो, हे तिला फार लवकर उमगले असावे.

या शिक्षणाचे मोल ऑपेराच्या गायकीची अट लक्षात घेतल्याशिवाय कळणार नाही. ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन नसतो. रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसलेल्या मोठ्या वाद्यवृंदाला ओलांडून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतो. आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल ती पट्टी घेतो, आणि संगीत नाटकातही रंगलेले पद गायकनट हवे तसे फुलवीत असे. ऑपेरात पट्टी रचनाकाराने ठरवलेली असते आणि अलंकरणाची मोकळीक परंपरेने आखून दिलेल्या जागांपुरतीच मिळते. म्हणून तेथे स्वरलिपी वाचण्याची तयारी गळ्याच्या तयारीइतकीच मोलाची ठरते. कॅलसच्या बाबतीत याला आणखी एक कारण होते. तिची नजर इतकी अधू होती की चष्म्याविना रंगमंचावरून संगीत-संचालकाची छडी तिला दिसत नसे. त्यामुळे ती स्वतःच्या भूमिकेबरोबर सगळी स्वरलिपी पाठ करून येई आणि छडीकडे न बघता नेमक्या क्षणी स्वर लावी. तिच्या अभिनयातील मोकळेपणा याच पाठांतरातून आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

व्यावसायिक रंगमंचावर ती १९४१ साली अथेन्समध्ये आली, आणि १९४२ मध्ये ‘तोस्का’त तिला पहिली मोठी नायिका मिळाली. महायुद्ध संपल्यावर ती अमेरिकेत गेली. तेथे मनासारखे काम जमेना. १९४७ च्या ऑगस्टमध्ये इटलीतील व्हेरोनाच्या प्राचीन रोमन प्रेक्षागारात ती ‘ला जोकोन्दा’ गायली. संचालक तुल्लिओ सेराफिन होता. हा अनुभवी संचालक पुढे तिचा दुसरा गुरूच ठरला.

१९४९ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये जे घडले, त्याने तिची कारकीर्दच पालटली. ती वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरातील ब्र्यूनहिल्डची दणकट भूमिका गात होती. त्याच वेळी बेल्लीनी या इटालियन संगीतकाराच्या ‘ई पुरितानी’ची नायिका करणारी गायिका आजारी पडली. नाजूक, वेगवान तानांनी भरलेली ती भूमिका कॅलसला येतही नव्हती. सेराफिनच्या आग्रहावरून तिने ती अवघ्या काही दिवसांत, ब्र्यूनहिल्डचे प्रयोग चालू असतानाच, बसवली आणि गायली. या दोन भूमिकांसाठी दोन वेगळ्या जातींचे गळे लागतात, अशीच तोवर सर्वांची समजूत होती. इदाल्गोच्या वर्गातली मेहनत येथे कामी आली.

७ डिसेंबर १९५१ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाच्या हंगामाचा आरंभ तिच्या गायनाने झाला, आणि पुढची सात वर्षे हे नाट्यगृह तिचे घर बनले. तिच्यामुळे बेल्लीनी, दोनीझेत्ती, केरुबीनी यांच्या अडगळीत पडलेल्या रचना पुन्हा रंगमंचावर आल्या. दोनीझेत्तीची ‘आन्ना बोलेना’ (१९५७) हे त्याचे ठळक उदाहरण. बेल्लीनीची ‘नॉर्मा’ ही तिने सर्वाधिक वेळा केलेली भूमिका. लंडनमधील १९५२ च्या प्रयोगात नॉर्माच्या सखीच्या छोट्या भूमिकेत जोन सदरलंड होती, जी पुढे बेल कान्तो परंपरेची दिग्गज गायिका झाली. १९५५ मध्ये लुकीनो व्हिस्कोन्ती याने बसवलेल्या ‘ला त्राव्हियाता’त पहिल्या अंकाच्या शेवटी एकटी उरलेली नायिका व्हियोलेत्ता पायांतले बूट भिरकावून देते, ही कृती त्या काळच्या कित्येक प्रेक्षकांना खपली नाही. मेजवानीनंतर थकलेली बाई हेच करील, एवढा साधा विचार त्यामागे होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती १९५६ साली ‘नॉर्मा’तूनच प्रथम आली.

तिचा आवाज सर्वमान्य अर्थाने गोड नव्हता. वरचे स्वर कधी धारदार होत, कधी हलत. मात्र शब्दाचा अर्थ स्वराच्या रंगातून दाखवण्यात तिची बरोबरी क्वचितच कोणी केली. १९५३-५४ मध्ये तिने वजन फार उतरवले. गळा लवकर का थकला, याबाबत या वजनघटीपासून कोवळ्या वयात पेललेल्या अवजड भूमिकांपर्यंत अनेक कारणे पुढे केली जातात आणि त्यांवर मतभेद आहेत. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये, इटलीचे राष्ट्राध्यक्ष प्रेक्षागृहात असताना, आवाज साथ देईना म्हणून पहिल्या अंकानंतर तिने ‘नॉर्मा’ सोडली. वृत्तपत्रांनी तिला लहरी ठरवले.

लंडनमध्ये ५ जुलै १९६५ रोजी झालेला ‘तोस्का’ हा तिचा ऑपेरातील अखेरचा प्रयोग. १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत तिने तरुण गायकांचे जाहीर वर्ग घेतले. जुझेप्पे दि स्तेफानो या जुन्या सहगायकासोबत १९७३ मध्ये सुरू केलेला मैफलींचा दौरा नोव्हेंबर १९७४ मध्ये जपानमधील सप्पोरो येथे संपला. त्यानंतर ती जाहीरपणे गायली नाही. पॅरिस येथे वयाच्या ५३ व्या वर्षी तिचे निधन झाले.